डावीकडे समुद्र

"दीपगृह. मग शेळ्यांचा चढ. मग लाकडी फाटक, आणि फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे समुद्र," साधना डोळे मिटून म्हणाली. "आता तुम्ही म्हणा."

"मला कशाला? पुढे तूच असणार," शरदचंद्र म्हणाले.

"हो, आणि तुम्ही मागून पुस्तक वाचत याल नि कड्यावरून खाली जाल. मग मी एकटीनेच परत यायचं का?"

क्रोनबर्गला जाणाऱ्या एस-बान लोकलच्या डब्यात रविवार सकाळची शांतता होती. दोघांच्या पायांत नवे बूट होते. साधनाच्या सत्तरीनिमित्त त्यांच्या मुलीने, स्पृहाने, कॅरिबियनमधल्या एका बेटाची सहल ठरवली होती. कड्याकड्याने, समुद्र बघत चालायची वाट. निघायला महिनाही उरला नव्हता, म्हणून टाउनुसच्या डोंगरात हा सराव.

साधनाने फ्रँकफर्टमध्ये सगळी नोकरी टपाल वाटण्यात घालवली होती. नवा भाग मिळाला की ती आदल्या दिवशी गल्ल्यांचा क्रम पाठ करायची, भाजी चिरताना, केस विंचरताना. एकदा क्रम डोक्यात बसला की ती पाट्यांकडे बघत नसे, पाय आपोआप वळत. बेटावरची वाटही तिने माहितीपुस्तकातून तशीच पाठ केली होती. शरदचंद्रांनी एका बँकेच्या दप्तरखान्यात आयुष्य काढलं आणि रस्ते कधी लक्षात ठेवलेच नाहीत. लग्नापासून ते तिच्या मागे चालत आले होते, बहुतेक वेळा हातात पुस्तक धरून.

गेल्या आठवड्यात शेजारच्या केसलरबाई मूठभर पत्रं घेऊन दारात आल्या होत्या. जिन्याखालच्या पेट्यांतून बाहेर डोकावणारी सगळ्यांची पत्रं साधनाने काढून पुन्हा वाटली होती, भलत्याच नावांवर. सवय जात नाही, असं म्हणून केसलरबाई हसल्या. शरदचंद्रही हसले. साधना हसली नाही. तेव्हापासून शरदचंद्रांना धड झोप नव्हती. पण आपण मुळात घाबरट, आपल्याला उगाच काहीबाही वाटतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

जंगलात धुकं होतं. झाडांचे बुंधे तेवढे दिसत, वरचं काही नाही. साधना झपाझप पुढे निघाली. एका फाट्यावर बाणाची पिवळी पाटी होती. तिने मानही वर केली नाही, उलट्याच बाजूला वळली.

"अगं, पाटी बघ तरी."

"पाट्या तुमच्यासारख्यांसाठी असतात."

हे नेहमीचंच बोलणं होतं. तेवढ्याने त्यांना जरा बरं वाटलं.

वाट अरुंद होत गेली, चढ लागला. "शेळ्यांचा चढ," ती म्हणाली. गंमत करते आहे, असं वाटून शरदचंद्र हसले. मग त्यांना आठवलं, मघाशी मोबाइलच्या उंच टॉवरपाशी ती थांबली होती आणि ओळखीचं माणूस दिसावं तशी मान हलवून पुढे गेली होती.

त्यांनी पुस्तक खिशात घातलं.

चढ संपला तिथे लाकडी फाटक होतं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, आत जाऊ नये, जिवाला धोका. पलीकडे दगडाची जुनी खाण होती. फाटकाची एक फळी निखळलेली होती. साधना वाकून आत गेलीसुद्धा.

"बघा. सांगितलं होतं ना? डावीकडे समुद्र."

डावीकडे जमीन संपत होती. खाली सगळी खाण धुक्याने काठोकाठ भरली होती, पांढरी, हलणारी. आणि दुरून गाज येत होती. ती आउटोबान महामार्गावरच्या गाड्यांची होती हे त्यांना ठाऊक होतं, तरी क्षणभर त्यांनाही ती खरी वाटली.

"इथून पायऱ्या आहेत खाली उतरायला," ती म्हणाली आणि कड्याच्या टोकाकडे निघाली.

धावावं, तर ती दचकेल. ओरडावं, तरी तेच. उभ्या आयुष्यात त्यांनी तिला कधी थांब म्हटलं नव्हतं. ते त्याच फटीतून वाकून आत गेले.

"साधना," ते अगदी हळू म्हणाले, "इथून पुढचा भाग आज माझ्याकडे आहे."

ती थबकली. कडाक्याच्या थंडीत बरोबरची कुणी दमली की उरलेल्या गल्ल्या दुसरीने घ्यायच्या, अशी तिच्या कामावर रीत होती. एवढं वाक्य म्हटलं की पहिलीने पिशवी देऊन टाकायची, हुज्जत घालायची नाही. हिवाळ्यात ती घरी येऊन हेच सांगायची.

"तुमच्याकडे?" तिने वळून संशयाने पाहिलं. "कुणी दिला?"

"दिला. पिशवी आण."

तिने पाठीवरची सॅक उतरवली आणि ती द्यायला कडेपासून त्यांच्यापर्यंत चालत आली. त्यांनी सॅक घेतली, सॅकबरोबर तिचा हातही. तिचा हात गरम आणि स्थिर होता.

"तुम्हाला रस्ता येतो का?"

"नाही. तू मागून सांग."

परतताना ते पहिल्यांदाच पुढे होते. ती मागून सांगत होती, फाटक, शेळ्यांचा चढ, दीपगृह. ते हो हो म्हणत होते आणि पिवळ्या पाट्या बघून वळत होते. तिची पावलं ऐकू येईनाशी झाली की थांबत होते.

स्टेशनवर पोहोचल्यावर स्पृहाचा फोन आला. "हालो, पापा, कसा झाला सराव? आईचे बूट चावले का?"

"बूट छान आहेत. स्पृहा, ती सहल रद्द कर."

"वारूम?" का, असं ती नेहमीसारखी जर्मनमध्ये म्हणाली. मग मराठीत, "पापा, आईला काही झालंय का?"

साधना शेजारी बाकावर बसून त्यांच्याचकडे बघत होती.

"माझे गुडघे," ते म्हणाले. "चढ झेपत नाही मला. तू शनिवारी घरी ये. बोलू."

"हो, पापा," पलीकडून बारीक आवाज आला. "येते."

त्यांनी फोन खिशात ठेवला.

"तुमचे गुडघे," साधना म्हणाली. "वाटलंच होतं मला. एवढी वाट पाठ केली मी." तिने रुळांकडे पाहिलं. "चुकले नाही ना कुठे?"

"कुठेच नाही."

गाडी आली, दार उघडलं. एरवी ती आधी चढून त्यांच्यासाठी खिडकी धरायची. आज ती बाजूला उभी राहिली. ते चढेपर्यंत थांबली, आणि मग त्यांच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा धरून मागोमाग आत आली.