सिम नको, खाच हवी

मावशी चिडल्या की असतील तिथला पंखा आपसूक एक घर वर चढायचा. त्या दिवशी टॅबच्या दुकानातला तर छत सोडून उडायच्या बेतात होता.

कारणही तसंच. बेटावरच्या धाकट्या बहिणीकडे आपल्या होडीतून जायचं, हा मावशींचा हट्ट. मागच्या खेपेला किनारा दिसेनासा होताच फोनची रेंज गेली, तिच्या पाठोपाठ नकाशा गेला, आणि होडी वाळूत अशी रुतून बसली की भरती येईपर्यंत खेकडेसुद्धा चौकशी करून गेले. तेव्हापासून नवऱ्याने, म्हणजे कप्तानाने, ठणकावलं होतं, "रेंजशिवाय वाट दाखवणारं काही आण, नाहीतर होडी विकतो." होडीला गिऱ्हाईक आजच येणार होतं.

"घ्या मावशी, बिनसिमचा टॅब," टायवाला विक्रेता म्हणाला. "नकाशा उतरवलाय. हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही!"

"वायफाय बंद कर."

"केलं. बघा, ठिपका हलतोय का?"

"तेच बघते," म्हणत मावशी टॅबसकट तडक दाराबाहेर. दाराचा भोंगा बोंबलला. टायवाला मागे धावला. शिंप्याचं दुकान गेलं, किल्लीवाला गेला, नाका आला.

"मी कुठे आहे रे?"

"नाक्यावर!"

"आणि हा?"

ठिपका दुकानातच ऐसपैस बसला होता.

"उद्या मी खडकावर आपटले तरी हा सांगेल, मावशी काउंटरपाशी सुखरूप आहेत! मघाशी बरोबर दाखवलं ते कसं?"

"आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज घेतो तो."

"म्हणजे शेजाऱ्यांना विचारून! समुद्रात माझा शेजारी कोण, देवमासा?"

किल्लीवाला खिदळला. टायवालाही आता तापला. "उपग्रहाचं ऐकायला वेगळा कान लागतो, जीपीएसचा. या कंपनीत तो सिमच्या खाचेवाल्या टॅबलाच देतात. आणि तुम्ही तर दारातूनच ओरडत आलात, सिम नको, सिम नको!"

"सिम नको म्हटलं. खाच नको असं म्हणाले का?"

"सिम नसताना रिकामी खाच कोण मागतं?"

"कान टोचलेत म्हणून मी रोज कुड्या घालते का? आण तो!"

त्याने पाय आपटत खाचेवाला टॅब आणला, दुकानात नकाशा उतरवला, वायफाय बंद केलं. मावशी पुन्हा निघाल्या. ठिपकाही निघाला. शिंपी, किल्लीवाला, नाका. ठिपका थांबेना, म्हणून मावशीही थांबल्या नाहीत. मागोमाग रिकामं खोकं छातीशी धरून टायवाला.

धक्क्याला लागलेल्या होडीत कप्तानासमोर गिऱ्हाईक फळ्या ठोकून बघत होतं. मावशींच्या डोक्यातून वाफ निघाली. म्हणतात, दोन गलबतांनी ती पाहून भोंगे दिले.

"अहो, उतरवा त्यांना! आणि हे बघा."

मावशी होडीत चढल्या, टायवालाही चढला. कप्तानाने पडद्यावर नाक टेकवलं. धक्का होता तिथे धक्का, आणि ठिपका बरोबर त्याला लागून, पाण्यावर. त्याने मोबाइल काढून बघितला. रेंज होती, म्हणून तोही बंद केला. ठिपका तसाच.

"माफ करा हं," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "होडी आत्ताच बाहेर चाललीय." आणि गिऱ्हाईक धक्क्यावर उतरताच दोर सुटला.

"मावशी, बिल!" टायवाला किंचाळला.

"बहिणीकडे जेवून मग करू."

"मला पोहता येत नाही हो!"

"मग तोंड मिट," मावशी म्हणाल्या, "आणि ठिपक्यावर नजर ठेव."