सयाजी खाडेच्या जेटची छत्री

"ही रेघ बघून ठेव," सयाजी खाडेनं सिमेंटच्या रस्त्यावर खडूनं आडवी रेघ मारली आणि मिशीवर ताव दिला. "जेट हिच्या पुढं एक बोट जरी गेलं, तर ही मिशी ठेवणार न्हाय. लिहून घे."

"लिहाय कशाला पायजे, दाजी? आमी ऐकलंय की," मेहुणा उदयसिंह म्हणाला.

अडीच मिनिटांनी जेट रेघेवरून सुसाट गेलं, रस्ता संपवला आणि समोरच्या उसात घुसलं. सळसळ झाली. मग काहीच झालं नाही.

सयाजी बोअरच्या मोटरी दुरुस्त करतो. तीस वर्षं त्यानं जमिनीच्या पोटातून चिखलानं माखलेल्या मोटरी वर ओढल्या. छप्पन्नाव्या वर्षी त्याला आपल्या हातानं काहीतरी वर पाठवावंसं वाटलं, यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पण वाटलं सगळ्या मंगळवार पेठेला. तीन वर्षांचे रविवार घालून त्यानं फोमचं चार फुटी जेट केलं. पोटात बॅटरीवर फिरणारा पंखा, हातात रिमोट. उडायला एकदम झकास. भानगड होती ती उतरण्याची. पाचगावच्या पुढं प्लॉटिंगवाल्यांनी करून ठेवलेला रस्ता दीडशे पावलांचा आणि या गड्याला थांबायला लागायची दोनशे. उरलेली पन्नास पावलं धोंडुबाईंच्या उसात. रस्त्याच्या टोकाला ऊस त्यांचा, डाव्या अंगालाही त्यांचाच.

म्हणून छत्री. खऱ्या लढाऊ विमानाच्या शेपटीतून उतरताना एक छत्री फुलते आणि विमानाला मागं ओढून धरते, हे सयाजीनं मोबाइलवर बघितलं आणि चहा तसाच ठेवून उठला. शेपटीत डबी बसवली. रिमोटचं बटण दाबलं की छोटी मोटर झाकण उघडणार, छत्री बाहेर. कापड शिवायला बायको वर्षाराणी होती. तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान. घडी घालायला उदयसिंह होता. लग्नसराईत त्याच्यासारखा फेटा बांधणारा पेठेत दुसरा नाही.

झाकण बरोबर उघडलं होतं. छत्रीही बाहेर पडली होती. पण ती फुललीच नाही. आवळलेल्या गाठोड्यासारखी जेटच्या मागं आपटत, उड्या मारत उसापर्यंत गेली.

"आरं, सुटली का न्हाई ती?" सयाजी ओरडला.

"सुटंल कशी?" उदयसिंहाला अपमान वाटला. "माझ्या हातची घडी हाय. वरात संपून नवरदेव झोपला तरी सुटत न्हाय."

"सुटायलाच पायजे हुती, मर्दा!"

"मग आधी सांगायचं की!"

एवढ्यात उसातून धोंडुबाई आल्या. सत्तरीची बाई, कमरेला कोयता, काखेत जेट.

"ह्यो तिसरा टाइम," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा म्हटलं, पावणं हाय. दुसऱ्यांदा म्हटलं, चुकलं आसंल. आता ध्यान दे, मेकॅनिक. परत ह्ये माझ्या उसात आलं, तर ह्ये माझं. मागाय यायचं न्हाय."

"न्हाय येणार, मावशी. शब्द देतो."

"तुझा कशाला? मी माझा दिलाय."

दोन दिवसांनी सलूनमध्ये सयाजीनं मान मागं टाकली आणि मिशी काढायला सांगितली. सलूनवाल्यानं वस्तरा थांबवला, आवाज खाली आणला. "कोण गेलं घरात?"

"आजून न्हाय," सयाजी म्हणाला. "पण सांगता येत न्हाय."

पुढच्या रविवारी घडी त्यानं स्वतः घातली, सैल. रेघ मारली नाही. बोललाही काही नाही. जेट उतरलं, बटण दाबलं, छत्री भसकन फुलली. सयाजीच्या तोंडातून हुंकार निघाला, तो पुरता बाहेर पडायच्या आत छत्री दारूड्यासारखी डावीकडं गेली, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. तिच्या मागून जेटची शेपूट. तीन हेलकावे खाऊन जेट उजव्या बाजूच्या खडीच्या ढिगावर चढलं. ऊस वाचला. नाक गेलं.

सयाजीनं छत्री उचलून उन्हात धरली आणि बघतच राहिला. मधोमध, जिथं हवा जायला वाटीएवढं भोक ठेवायला सांगितलं होतं, तिथं जरीची एक सुबक टिकली शिवली होती.

"वर्षा, हितं भोक हुतं."

"व्हय. बुजवलं," वर्षाराणी म्हणाली. "मला वाटलं, चुकून कातरलं गेलं."

"चुकून? मी कागदावर काढून दिलतं! हवा मधनं गेली न्हाय तर छत्री झुलती!"

"मला काय म्हाईत? बावीस वर्षं दुकान चालवते. माझ्या हातनं भोक पडलेलं कापड आजपातूर भाईर गेलं न्हाई." तिनं छत्री त्याच्या हातून ओढून घेतली. "आणि ती टिकली बघा तरी. आस्तर लावून शिवलीया. कुणाला दिसतंय का टाका?"

टाका खरंच दिसत नव्हता. हेच सयाजीला सगळ्यात जास्त झोंबलं. दोन निष्णात माणसं त्याच्या मदतीला होती आणि दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं.

आठवडाभर घरात बोलणं मोजकंच झालं. मोटर जळाली म्हणून फोन आले तर सयाजी "बघतो" म्हणायचा आणि फोमच्या नाकाला पॉलिशपेपर मारत बसायचा. चौथ्या दिवशी जेवणाच्या ताटाशेजारी छत्री ठेवलेली दिसली. टिकली उसवलेली, मधोमध गोल भोक आणि भोकाच्या कडेनं बारीक काज घातलेलं.

"आता ह्याला भोक म्हणायचं न्हाई," वर्षाराणी भाकरी वाढत म्हणाली. "ही डिझाइन हाय."

त्या रविवारी धोंडुबाई बांधावर येऊन बसल्या होत्या. बघायला आल्या की न्यायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

जेट उडालं. दोन चकरा झाल्या. चाकं टेकली, त्यानं बटण दाबलं. झाकण उघडलं, छत्री निघाली, फुलली आणि मधल्या काजातून हवा सोडत जेटच्या मागं सरळ, ताठ उभी राहिली. जेटचा वेग असा मेला, जणू कुणी मागून शेपूट धरली. ऊस तीस पावलांवर असताना ते थांबलं.

मग बांधावरून टाळी आली. धोंडुबाईंची.

"दाजीऽऽ!" उदयसिंहानं पिशवीतून फेटा काढला. "नाद खुळा! आज ह्ये डोकं मोकळं ठेवायचं न्हाय!" आणि सयाजी काही म्हणायच्या आत त्याच्या कपाळावर पहिला वेढा बसला होता. वर्षाराणी मोबाइल धरून उभी राहिली. "हसा की! कदी न्हाई ते झालंय."

सयाजी हसला. मिशी नसल्यानं ते हसू जरा उघडं दिसत होतं.

तेवढ्यात उजवीकडून वारा आला. जमिनीवर पडलेली छत्री उठली, भरली आणि जेटला घेऊन डावीकडं निघाली. खऱ्या विमानात छत्री तोडून टाकायला वेगळी कळ असते. मोबाइलवर तो भाग यायच्या आतच सयाजी चहा ठेवून उठला होता.

"उदय, सोड! सोड, जेट चाललं!"

"हलू नका दाजी, तुरा ऱ्हायलाय! एकच मिन्टं!"

सहा हात फेटा उदयसिंहाच्या मुठीत आणि उरलेला सयाजीच्या डोक्यावर. सयाजीनं हिसडा दिला, उदयसिंहानं सवयीनं घट्ट धरलं. फेटा सुटला नाही. जेट रुबाबात, फारशी घाई न करता, डाव्या बाजूच्या उसात शिरलं.

धोंडुबाई उठल्या, आत गेल्या आणि जेट घेऊन बाहेर आल्या.

"मावशी, ते थांबलं हुतं," सयाजी धावत येऊन म्हणाला. फेट्याचं टोक मागं फरफटत होतं. "तुमी बघितलासा."

"बघितलं की. टाळी बी वाजिवली. मग आलं का न्हाय माझ्या उसात?"

"वाऱ्यानं आणलं ओ!"

"वाऱ्यानं काय काय येतंय माझ्या रानात. पाला येतोय, पिशव्या येत्यात, तुमच्या प्लॉटिंगची धूळ येती. ते सगळं मीच उचलते का न्हाय? मग ह्ये बी माझंच." त्या जरा थांबल्या. "तोडणार न्हाय. गोठ्यात आढ्याला टांगते. चांगलं केलंयस."

वर्षाराणी काहीतरी बोलायला पुढं झाली. सयाजीनं हातानं तिला थांबवलं. शब्द बाईंनी आपला दिला होता आणि त्यानं तो ऐकून घेतला होता.

"उन्हात ठेवू नका, मावशी," तो म्हणाला. "फोम वाकतोय. आणि पंखाला धरून उचलू नका, पोटाखाली हात घालायचा."

"आसं?" धोंडुबाईंनी पोटाखाली हात घालून जेट उचललं, डोक्यावरच्या पदरावर ठेवलं आणि बांधानं चालायला लागल्या. छत्री मागं लोंबत होती.

सयाजीच्या हातात रिमोट तसाच होता. त्यानं उजवी काडी हळूच मागं ओढली. लांबवर, म्हातारीच्या डोक्यावर, जेटच्या शेपटीची पाती वर उचलली गेली. पुढं ढकलली, खाली झाली. पुन्हा वर. वर्षाराणीनं बघितलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

"दाजी, तुरा तेवढा काढू का आता?" उदयसिंहानं मागून फेट्याला हात घातला.

सयाजी दचकला आणि त्याचा डावा अंगठा पंख्याच्या काडीसकट पुढं सरकला. पंखा पूर्ण वेगात सुरू झाला, हवा ओढायच्या पोटाखालच्या भोकातून धोंडुबाईंचा पदर आत ओढला गेला आणि पंख्याची चार पाती मोडली.