म्हावऱ्याचा दोष

योगिनीचे हात पहिल्यांदा सुजले ते मालवणच्या मासळीबाजारात, भर गिऱ्हाइकांत. तिने बर्फाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून एक इसवण बाहेर काढला, फळीवर ठेवला, आणि तुकडे किती करायचे ते विचारलं. गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी माशाऐवजी तिच्या हातांकडे बघितलं आणि आपण उद्या येतो म्हणाले. तिचे हात पावासारखे फुगले होते आणि मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या. तासाभराने सगळं उतरलं. मास्तर काही दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

हे दोन हजार सहा सालातलं. योगिनी आचऱ्याची, बी.कॉम. झालेली. लग्नाआधी तिने संगणकाचा सरकारी कोर्सही केला होता, कारण त्या वर्षी सगळेच करत होते. नवरा नितेश ट्रॉलरवर होता. सासू सुभद्रा बाजारात तीस वर्षं मासळी विकत होती. गुडघे धरल्यापासून तिने फळीवर सुनेला बसवलं आणि स्वतः मागे स्टुलावर बसून भाव सांगायला लागली.

सूज पुन्हा आली. मग पुन्हा आली. कधी यायची, कधी नाही. डॉक्टरांनी हात बघितले, धंदा विचारला आणि माशांची ॲलर्जी असल्याचं सांगितलं. मासे खायचे नाहीत, शक्यतो हातही लावायचा नाही.

सुभद्राने हे ऐकून घेतलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती एवढंच म्हणाली की आता गुरवाक घंटेची ॲलर्जी झाली तरी माका नवल वाटाचा नाय.

त्या घरात रोज दोन्ही वेळा मासे असत. योगिनीच्या ताटात आता डाळ आणि पापड यायला लागले. तरी मधूनच गांधी उठतच राहिल्या. आंघोळीनंतर उठल्या, एकदा पाहुण्यांकडे आईसक्रीम खाल्ल्यावर ओठ सुजला. नातेवाइकांनी दृष्ट काढली. अंगाला गेरू लावला. घोंगडीत गुंडाळून ठेवलं, त्याने थोडं बरं वाटलं, पण घोंगडी पांघरून बाजारात बसता येत नाही. देवळात जाऊन कौल लावला. कौल उजवा मिळाला. प्रश्न नेमका काय विचारला होता यावर मात्र घरात दोन मतं होती.

बाजारात वेगळंच पसरलं. सुभद्राच्या म्हावऱ्याने तिच्या स्वतःच्या सुनेचे हात सुजतात, असं काशीबाई नावाची शेजारची विक्रेती गिऱ्हाइकांना काळजीच्या सुरात सांगू लागली. तेव्हा सुभद्राने योगिनीला घरी बसवलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी स्वतः फळीवर बसली.

घरी बसण्याचा त्रास सुजेपेक्षा जास्त होता. शिकलेली सून आहे, वास नको म्हणून सोंग करते, असं कुणीतरी म्हणालं. हे योगिनीच्या कानावर यायचं ते आलंच. ते तिने मनावर घेतलं नाही. पण एकदा समुद्रावरून आलेल्या नितेशने जेवता जेवता, ताटातली नजर वर न करता, अगदी हळू विचारलं, "तुका खरांच त्रास होता मा गो?" त्यावर तिने होय म्हटलं आणि भात वाढला. त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

बाजारपेठेत एक सायबर कॅफे होता. तिथे पडदे लावलेले खण होते आणि कॉलेजची मुलं त्या पडद्यांमागे बसत. एका दुपारी योगिनी त्यातल्या एका खणात जाऊन बसली. अंगावर गांधी का उठतात हे शोधता शोधता तिला एक जागा सापडली. जगभरची माणसं तिथे आपापल्या न कळणाऱ्या दुखण्यांबद्दल एकमेकांना लिहीत होती. कुणाला उन्हात पुरळ येत होतं, कुणाची जीभ विनाकारण सुजत होती. एका बाईला व्यायाम केला की चक्कर येई, आणि तिचा नवरा त्याला आळस म्हणे.

योगिनीला इंग्रजी येत होतं ते अर्ज लिहिण्यापुरतं. म्हणून तिने अर्जच लिहिला. वर विषय घातला, अंगावर सूज व गांधी येणेबाबत. खाली, मी खाली सही करणारी, सविनय कळवते की, असं म्हणून सगळी हकीकत लिहिली, आणि शेवटी, तरी मेहेरबान होऊन योग्य तो सल्ला द्यावा ही विनंती.

चार दिवसांनी ती गेली तर उत्तरं आली होती. टेक्सासच्या एका गृहस्थाने दातांत पारा भरला आहे का ते विचारलं. ऑस्ट्रेलियाच्या बाईने गहू सोडायला सांगितलं. त्या घरात गहू सणासुदीलाच यायचा. एकाने घर बदलायला सांगितलं. दुसऱ्याने मनावरच्या ताणाबद्दल विचारलं आणि नवऱ्याची आई त्याच घरात राहते का, अशी चौकशी केली. योगिनीने सगळ्यांचे आभार मानले.

सगळ्यात खाली एक उत्तर होतं, सोल्फ्रीद नावाच्या बाईचं. ती नॉर्वेच्या पार उत्तरेला एका मच्छीमार गावात राहायची. तिने कुठलाच उपाय सांगितला नव्हता. सूज नेमकी कुठे येते, त्याआधी हाताला काय लागलेलं असतं आणि किती वेळाने उतरते, एवढं तिने विचारलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, तुमच्यावर माझा विश्वास आहे.

ते वाक्य योगिनीने दोनदा वाचलं. मग ती कॅफेबाहेर आली आणि घरी न जाता बंदरावर जाऊन थोडा वेळ उभी राहिली.

त्यानंतर ती आठवड्यातून एकदा तरी जायला लागली. सोल्फ्रीदचा नवरा बोटीवर होता. ती स्वतः पूर्वी मासे साफ करण्याच्या कारखान्यात होती. मग तिलाही असंच काहीतरी व्हायला लागलं. बरीच वर्षं तिच्याही डॉक्टरांना ते माशांमुळे वाटत होतं. पुढे काय निघालं ते तिने लगेच सांगितलं नाही. आपलं दुखणं दुसऱ्याच्या अंगात घालायची घाई नको, असं तिचं म्हणणं होतं. आधी तू नीट बघ, म्हणाली.

बघण्याची वेळ आंबोलीला आली. नितेशच्या मावसबहिणीचं तिथे घाटरस्त्याला चहाभज्यांचं दुकान होतं. तिला मुलगा झाला म्हणून श्रावणात दोघं बारशाला निघाली. एसटीची खिडकी लागत नव्हती. घाटभर पाऊस आत येत राहिला आणि योगिनी भिजून गारठली. गाडीतून उतरेपर्यंत तिचे कान, ओठ आणि एका बाजूचा गाल सुजला होता, मांड्यांवर गांधी होत्या, आणि पायाखालची जमीन हलते आहे असं ती म्हणाली. नितेशने तिला दुकानात चुलीजवळ बसवलं. अंगातलं स्वेटर काढून दिलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला. सूज ओसरेपर्यंत त्याने भजी खाल्ली नाहीत.

परतताना तो म्हणाला, "माका आधी समाजला नाय." योगिनी म्हणाली, असू दे. तेवढ्यावर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

घरी सुभद्राने सगळं ऐकून घेतलं आणि तिला पडलेला प्रश्न विचारला. आंबोलीत म्हावरां खंय गावला?

हेच योगिनीने सोल्फ्रीदला लिहिलं. मासे महिनोन् महिने तोंडात नाहीत, हातात नाहीत, तरी झालं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ताज्या, बर्फात न घातलेल्या मासळीने तुला कधी झालंय का, ते आठव, असं सोल्फ्रीदने विचारलं होतं. योगिनीने आठवून बघितलं. नव्हतं झालं. तेव्हा सोल्फ्रीदने आपलं दुखणं सांगितलं. तिला थंडी सोसत नव्हती. नुसती हुडहुडी नव्हे. गार वस्तू किंवा गार वारा लागला की कातडीच बिथरायची. याची एक साधी परीक्षा असते, पण ती घरी करू नकोस, डॉक्टरांसमोर कर, कारण काही जण त्यात बेशुद्ध पडतात, असं तिने बजावलं.

डॉक्टरांना हे सांगायचं म्हणजे अवघड काम होतं. नॉर्वेच्या एका बाईने असं कळवलंय, अशी सुरुवात करून योगिनीने ते सांगितलं. डॉक्टर चष्मा काढून ऐकत राहिले. असं काही असतं हे वाचलंय, पण मालवणात ते शोधायचं डोक्यात आलं नाही, असं ते म्हणाले. दवाखान्यात बर्फ नव्हता. तो सुभद्राने स्वतःच्या पेटीतून डब्यात घालून आणला.

डॉक्टरांनी एक खडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून योगिनीच्या हातावर ठेवला, थोड्या वेळाने काढला आणि सगळे वाट बघत बसले. बाहेरचे दोन पेशंटही दारातून बघत होते. आधी नुसतं लाल झालं. मग जिथे खडा होता तिथे, त्याच आकाराची, कोपऱ्यांसकट, एक चौकोनी गांधी वर आली.

"ही माशांची नाही, थंडीची ॲलर्जी आहे," डॉक्टर म्हणाले. "माझं चुकलं."

सुभद्राने वाकून ती चौकोनी गांधी नीट बघून घेतली.

"म्हणजे म्हावऱ्याचो काय दोष नाय?"

"नाही."

"ह्यां तुमी बाजारात येऊन सांगश्यात?"

डॉक्टर म्हणाले, ते तुम्हीच सांगा. सुभद्राने ते सांगितलं. पहिल्यांदा काशीबाईला सांगितलं, आणि तिला नीट ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं.

त्या दुपारी बांगड्याचं तिखलं होतं. योगिनीच्या ताटात सुभद्राने न विचारता तीन तुकडे वाढले. योगिनीने ते काट्यांपर्यंत खाल्ले आणि मग आत जाऊन थोडी रडली.

पुढे डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या. गार पाण्याची आंघोळ बंद, आईसक्रीम बंद, भर पावसात होडीवर जाणं बंद. ती पुन्हा बाजारात बसू लागली. पेटीतून मासे काढायचं काम सुभद्राचं, कापायचं आणि विकायचं योगिनीचं, तेही आत लोकरीचे आणि वर रबराचे हातमोजे घालून. मे महिन्यात लोकरीचे मोजे घातलेली बाई बघायला सुरुवातीला गर्दी झाली. त्यात थोडी विक्रीही झाली.

सोल्फ्रीदशी लिहिणं चालू राहिलं. आता योगिनीला तिची काळजी वाटायची. इथे एक बर्फाची पेटी टाळली की झालं. सोल्फ्रीदच्या गावात पेटीच्या बाहेरही बर्फच होता. हिवाळ्यात ती घरातून गाडीत आणि गाडीतून घरात, इतकंच करी. बाविसाव्या वर्षी ती समुद्रात पोहायला उतरली होती, तेव्हा तिला बेशुद्ध बाहेर काढलं. त्यानंतर समुद्र तिने खिडकीतून बघितला. आता ती सत्तावन्न वर्षांची होती.

योगिनीने तिला पुन्हा एक अर्ज लिहिला. विषय, मालवणला येणेबाबत.

ती खरंच येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गोव्याला विमानातून उतरून, टॅक्सी करून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई दारात उभी राहिली. तिच्या हातात भरपूर लोकरी कपडे होते, ते तिने वाटेत एकेक करून काढले होते. सुभद्राला तिचं नाव म्हणता येईना, म्हणून तिने ते सोलबाय केलं. सोलबायला ते चाललं.

पहिले दोन दिवस ती आणि सुभद्रा एकमेकींकडे नुसत्या बघत. तिसऱ्या दिवशी सोलबायने सुभद्राच्या हातातली सुरी मागून घेतली आणि एक सवंदाळा मासा इतका झटपट साफ केला की सुभद्राने पुढची टोपली तिच्याकडे सरकवली. मग त्यांना भाषेची फारशी गरज पडली नाही.

त्याच आठवड्यात किनाऱ्यावर रापण ओढायची होती, म्हणजे लांबलचक जाळं माणसांनी वाळूवर उभं राहून खेचायचं. योगिनी तिला आणि सुभद्राला घेऊन गेली. जाळं वाळूला लागलं, आत बांगडे उड्या मारत होते. सोलबाय वाकली आणि तिने उघड्या हाताने त्यातला एक उचलला. मग तो गालाला लावला. तो समुद्राएवढाच उबदार होता. खेचणारे दोघेतिघे थांबून बघत होते. योगिनीला ते बघवेना, म्हणून तिने पाण्याकडे मान वळवली.

सोलबायने तो बांगडा परत जाळ्यात ठेवला, चपला काढल्या आणि कपड्यांनिशी पाण्यात चालत गेली. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. प्रत्येक वेळी ती थांबून आपले हात उलटसुलट करून बघे. हातांवर काही उठत नव्हतं. पाणी छातीला लागलं तेव्हा ती वळली, योगिनीकडे बघून हात वर केला आणि खांद्यापर्यंत बुडून तशीच राहिली.

सुभद्रा पालथ्या होडीला टेकून उभी होती. गुडघे दुखायला लागले होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

"किती वेळ रव्हतली ती थंय?" तिने विचारलं.

"रवांदे," योगिनी म्हणाली.

पदर डोक्यावर घेऊन सुभद्रा होडीच्या सावलीत वाळूवर बसली आणि योगिनीलाही बस म्हणाली.