कुलूप होतं

फोरमनला देवाची भीती नव्हती असं कुणी म्हणू नये. होती. फक्त चौकशीच्या दिवशी समोर बसलेल्या तीन साहेबांची भीती जास्त जवळ होती, आणि माणूस जवळच्या भीतीला आधी हात जोडतो.

गोष्ट पावाच्या कारखान्यातली. पीठ मळायचं यंत्र तिथं हौदाएवढं. ते साफ किंवा दुरुस्त करायचं तर माणसाला कमरेपर्यंत आत वाकावं लागे. म्हणून नियम असा, की आत हात घालणाऱ्यानं आधी विजेच्या पेटीला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. पण कामगार किल्ल्या हरवत आणि सगळं काम खोळंबे. म्हणून फोरमनने प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली गुपचूप करून आपल्या टेबलाच्या खणात ठेवली होती. नको तिथं केलेलं शहाणपण अंगलट येतं म्हणतात. हे फोरमनच्या अंगलट आलं नाही, त्याच्या मेहुण्याच्या आलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कारखान्यातला मेकॅनिक. त्या दुपारी फोरमनने त्याला चहाला जाताना पाहिलं होतं. परत येताना पाहिलं नव्हतं. आंबवण फुगून पिंपाच्या काठाशी आलेलं, पीठ काही कुणासाठी थांबत नाही, आणि पेटीला मेहुण्याचं कुलूप तसंच लटकलेलं. पेटी भिंतीच्या अलीकडे, यंत्र पलीकडे. “विसरला असणार, माझ्या सासूचा लाडोबा,” असं पुटपुटत त्यानं खणातली किल्ली आणली, कुलूप काढलं आणि खटका दाबला.

मेहुण्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

इथवर ती चूक होती, आणि चुकत कोण नाही? पण आरडाओरडा चालू असताना फोरमनने ते कुलूप हळूच खिशात टाकलं, आणि तिथून पुढं पाप सुरू झालं. साहेबांनी विचारलं, “पेटीला कुलूप होतं का?” तो म्हणाला, “नव्हतं, साहेब.” मेहुण्याच्या खिशात किल्ली सापडली होती, पण ती तर रोजच खिशात असायची. निष्काळजीपणाचा ठपका बसला, हाताबरोबर नोकरीही गेली. कुलूप फोरमनने कालव्यात फेकलं.

दोघांची कुटुंबं एकाच चर्चला जात, आणि तिथली एक रीत होती. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब ती हातात धरून विचारत, “कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे?” असेल त्यानं उठायचं, त्या माणसाला बाजूच्या खोलीत न्यायचं, आणि समेट होईपर्यंत सगळी मंडळी थांबायची. बहुतेकदा कुणी उठत नसे. कधी दोन जावा उठत आणि नाकं पुसत परत येत. दीड वर्ष दर वेळी तो प्रश्न आला की फोरमनचे पाय जमिनीला खिळत. उठलो तर बायको जाईल, नोकरी जाईल, तुरुंगही होईल. न उठलो तर काय जाईल हेही त्याला ठाऊक होतं. तो इतरांसारखीच भाकर घेई. घरी छातीवर हात ठेवून तो म्हणे, “प्रभू, माझ्या तोंडून नको. दुसऱ्या कुणाकडून तरी हे बाहेर काढ.” मागणं तरी बघा.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं आणि मेहुणा उठला. रांगेतून वाट काढत सरळ फोरमनसमोर येऊन उभा राहिला. फोरमनला वाटलं, भरली आपली घटका. त्याला एका परीनं सुटल्यासारखंही झालं.

बाजूची खोली म्हणजे झाडू, जुन्या गायनपुस्तकांचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या. मेहुण्यानं डाव्या हातानं दार लोटलं.

“दाजी,” तो म्हणाला, “मला माफ करा.”

फोरमनला काही कळेना.

“दीड वर्ष मी तुम्हाला मनात शिव्या घातल्या. खोटारडा म्हटलं. ताईला सांगायला दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो आणि परत फिरलो. मला कुलूप लावलेलं आठवतं हो. पण मी ते रोजच लावायचो, आदल्या दिवशीचंच आठवत असेल. तुम्ही घरचे, तुम्ही खोटं कशाला बोलाल? मीच विसरलो असणार. आता गॅस बंद केला तरी चार वेळा उठून बघतो. पोरीला रस्ता ओलांडून नेत नाही, माझा मलाच भरवसा नाही. वेड लागेल मला. तुम्ही एकदा माफ केलं म्हणा, म्हणजे हे संपेल.”

एक शब्द. एवढ्यावर सगळं कायमचं पुरलं जाणार होतं, आणि तेही ज्याचा हात गेला त्याच्याच संमतीनं. फोरमनने तोंड उघडलं आणि तो शब्द आला.

“केलं.”

“उपकार झाले,” मेहुणा म्हणाला. त्याचे खांदे पडले. गुन्हा कबूल करून सही दिलेल्या माणसासारखा तो दाराकडे वळला. ती पाठ फोरमनला बघवेना. स्वतःची एवढी किळस त्याला त्या तीन साहेबांसमोरही आली नव्हती.

“कुलूप होतं,” तो म्हणाला.

मेहुणा थांबला.

“तू लावलं होतंस. मी काढलं. माझ्याकडे दुसरी किल्ली होती. तू चहाला गेलायस असं वाटलं मला.”

मार बसेल म्हणून फोरमनने डोळे मिटले. पण मेहुणा गठ्ठ्यांमध्ये खाली बसला होता.

“परत सांगा.”

“तू कुलूप लावलं होतंस.”

“मी लावलं होतं?”

“लावलं होतंस.”

मेहुणा रडत होता की हसत होता, सांगणं कठीण. “मी लावलं होतं,” तो स्वतःशीच म्हणत राहिला. फोरमन गुडघ्यांवर आला, मला माफ कर म्हणाला, पुन्हा म्हणाला. मेहुण्याच्या कानावर ते गेलंसुद्धा नाही. तो उठला आणि भरल्या चर्चमध्ये बहिणीसमोर जाऊन उभा राहिला.

“ताई, मी कुलूप लावलं होतं. दाजींनी काढलं.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. पर्स उचलून ती भावाबरोबर पलीकडच्या त्याच्या रांगेत जाऊन बसली.

“समेट झाला?” पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांच्या हातात अजून भाकर होती.

“नाही,” मेहुणा म्हणाला.

असं उत्तर त्या चर्चमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. पाळकसाहेबांनी भाकर ताटात ठेवली, वर रुमाल घातला आणि स्वतः पायरीवर बसले. मंडळीतलं कुणी उठलं नाही. आता आपलं इथं काय उरलं, असं वाटून फोरमन एकटाच दाराकडे निघाला. बाहेर गाठायला घर नव्हतं, उद्या जायला कारखाना नव्हता, आणि आत एकही डोळा त्याच्याकडे मायेनं बघत नव्हता.

“दाजी, जाऊ नका,” मेहुणा मान न वळवता म्हणाला. “बसा. मला वेळ लागेल.”