खामसिंगच्या नावाची डबी

"मनगटाला पिवळा दोरा आहे त्यांनीच रांगेत या! बाकीच्यांनी मंडपात बसून प्रवचन ऐका, तेवढंच पुण्य लागेल!"

चानपेंगने माइक खाली घेतला. विहाराच्या आवारात चिंचेखाली सोनोग्राफीची गाडी उभी होती. शेजारच्या मंडपात विहाराचे वृद्ध भिक्षू लुआंगपो यांनी नुकताच सूर लावला होता. राजपुत्र पोटची लेकरं दान करतो तो अध्याय. वर्षातून एकदाच गायला जातो आणि ऐकणाऱ्याचा पदर कोरडा राहत नाही. लुआंगपो एकेक शब्द असा लांबवत होते की म्हाताऱ्यांच्या मुठीतल्या लाह्या मुठीतच राहत होत्या. सगळं गाव आज इथं सापडणार म्हणूनच तर आरोग्य केंद्राने लिव्हरच्या तपासणीचा दिवस प्रवचनाच्या जत्रेला जोडून घेतला होता. ही युक्तीही चानपेंगचीच.

चानपेंगचं मात्र ना प्रवचनाकडे लक्ष होतं, ना रांगेकडे. ती पाहत होती पारावर बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे. खामसिंग पोटऱ्या खाजवत बसला होता. त्याच्या मनगटावर दोरा नव्हता.

आज सकाळी तो रांजणाशी तोंड धूत असताना ऊन त्याच्या डोळ्यांवर पडलं आणि तिच्या हातातला डोल तसाच राहिला. डोळ्यांचा पांढरा भाग पिकल्या आंब्याच्या सालीसारखा झाला होता.

"काय बघतेस?" तो म्हणाला होता. "म्हातारा झालो, एवढंच."

डोळे पिवळे होणं, अंगाला खाज सुटणं, लघवी चहासारखी होणं. ही सगळी लक्षणं तिला पाठ होती. तिनेच ती चालीवर बसवून भोंग्यावरून गावाला ऐकवली होती.

पा चानपेंगचा, म्हणजे आमच्या चानपेंगमावशीचा, तो भोंगा आमच्या गावात कोणाला माहीत नाही? पंचांग कशाला हवं, पा चानपेंगच्या अंगातला शर्ट पाहिला की कुठला दिवस ते कळायचं. तंबाखूविरोधी दिनाला हिरवा, डेंग्यूच्या दिवसाला केशरी, मधुमेहाच्या दिवसाला निळा, एड्स दिनाला लाल. आरोग्य स्वयंसेविका गावात बऱ्याच आहेत, पण रोगाला चाल लावणारी ही एकच. लहानपणापासून प्रवचनं ऐकून तिचा गळा तयार झालेला. रांजणात डास मारायची वाळू टाका, हे साधं सांगणंसुद्धा ती अशी हेल काढून गायची की थिट बुन म्हणायचा, "पा, आता डासांनाही वैराग्य येईल बघ!" हा बुन पूर्वी काही वर्षं भिक्षू होता, म्हणून नावाला थिट लागलेलं. चीवर उतरवलं आणि जिभेचा लगामही त्याबरोबरच सोडला.

कच्च्या माशाविरुद्ध तर तिने अख्खं आख्यान रचलं होतं. आमच्याकडे तलावातला ताजा मासा बारीक चेचतात, त्यात लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड आणि लाल मुंग्या घालतात आणि चिकट भाताबरोबर खातात. त्याला कोई म्हणतात. लिंबाने मासा शिजतो, असं आमचे बापजादे मानत आले. मासा पांढरा पडतो, पण आतला जंत मरत नाही. तो लिव्हरमध्ये घर करतो आणि वर्षानुवर्षं तिथं राहून शेवटी कॅन्सरने माणसाचा घास घेतो. चानपेंगने हे शिकल्यापासून कोईला हात लावला नव्हता. म्हणजे तोंड लावलं नव्हतं. हात रोजच लागायचे. खामसिंगला कोईशिवाय घास उतरत नसे आणि गावात तिच्यासारखी कोई कोणाला जमत नसे. ती स्वतःपुरता मासा विस्तवावर भाजायची आणि त्याच विस्तवाशेजारी बसून त्याच्यासाठी कच्चा चेचायची.

गेल्या पावसाळ्यात शौचाच्या नमुन्यासाठी डब्या वाटल्या, तेव्हा खामसिंगने ती डबी खिडकीतून कोंबड्यांत भिरकावली होती.

"माझ्या पोटातलं मी कोणाला दाखवायचो नाही. गावाला शिकव, घराला नको."

ती बाहेर गेली, डबी उचलून धुऊन आणली. दारोदार फिरून लोकांच्या हातापाया पडून डब्या गोळा करणारी बाई, तिच्याच घरची डबी रिकामी कशी जाणार? बाकी स्वयंसेविका काय म्हणतील? तिने दोन्ही डब्या स्वतःच भरल्या, एकीवर आपलं नाव लिहिलं, दुसरीवर नवऱ्याचं. दोन्ही स्वच्छ निघाल्या. ज्यांच्या डबीत जंत सापडला त्यांना गोळ्या मिळाल्या आणि आजच्या तपासणीसाठी पिवळा दोरा. गावाच्या कमानीवर पाटी लागली: 'या गावात एकही घर तपासणीविना राहिलेलं नाही.' पाटीच्या उद्घाटनाला गायली तीच.

आता ती नर्सकडे गेली. मो विपा वयाने तिच्या लेकीएवढी, टेबलाशी बसून लोकांना आत सोडत होती.

"मो विपा, आमच्या ह्यांचे डोळे जरा बघता का?"

विपा उठली. तिने खामसिंगच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि कपाळाला आठी घातली.

"कावीळ आहे, लुंग." गावातल्या काकांना ती लुंगच म्हणायची. "पण तुमची डबी तर स्वच्छ होती. म्हणजे जंताचं नसणार, दुसरं काही असेल. सोमवारी केंद्रात या, रक्त तपासू."

"बघ," खामसिंग बायकोला म्हणाला, "उगाच घाबरवतेस."

सोमवारी. किती सोपं होतं ते. सोमवारी रक्त, मग त्याचा निकाल, मग दुसरं रक्त. जंताकडे कोणाचं लक्षच जाणार नाही, कारण डबी स्वच्छ होती. पाटी कमानीवर राहील, भोंगा तिच्या हातात राहील. गाडी पुढच्या वर्षी पुन्हा येईल. पुढच्या वर्षी खामसिंग असेल का?

मंडपात लुआंगपोंनी सूर चढवला. लेकरं तळ्यात कमळाच्या पानाआड लपली होती आणि बाप काठावर उभा राहून त्यांना हाका मारत होता.

"ती डबी ह्यांची नव्हती," चानपेंग म्हणाली.

"काय?"

"त्या डबीत... ह्यांचं नव्हतं."

"मग कोणाचं होतं?"

सगळ्या गावाला ऐकू जाईल असा गळा, आणि आता समोरच्या पोरीलासुद्धा ऐकू जाईना.

"माझं," ती म्हणाली. "दोन्ही माझ्याच."

विपाने ओठ घट्ट मिटले. पण रांगेत पुढे उभ्या असलेल्या थिट बुनचे कान तिखट.

"अरे देवा! म्हणजे लुंगच्या नावानं पा स्वतःच बसली?"

रांगेच्या टोकापर्यंत हसू गेलं. कोणीतरी मागच्याला समजावून सांगितलं, मग तिथूनही हसण्याची दुसरी लाट आली. "पाटी काढा रे ती!" एक जण ओरडला. "आम्ही डब्या घेऊन उन्हात आलो, आणि बाईसाहेब..." शिव्या दिल्या असत्या तर तिने ऐकून घेतल्या असत्या. ही माणसं हसत होती. तिच्या अंगात आजच्या दिवसाचा कोरा शर्ट होता, पाठीवर 'शिजवलेलं खा' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं. तो अंगातून ओरबाडून काढावासा वाटला.

खामसिंग हसला नाही. तो पारावरून उठला होता आणि तिच्याकडे असा पाहत होता की जणू ही बाई त्याच्या घरात कधी आली ते त्याला आठवत नव्हतं.

"पा, हे फार वाईट केलंत," विपा हळू आवाजात म्हणाली. "यांना आजच बघायला हवं. पण डॉक्टरांना दुपारी पुढच्या गावी निघायचंय. आहेत तेवढेच होतील की नाही शंका आहे. कोणी आपली पाळी सोडली तरच..."

चानपेंग रांगेकडे वळली. हसणं थांबलं. दोरा बांधलेली मनगटं हळूच पाठीमागे गेली. त्यांचं तरी काय चुकलं? जो तो आपल्या लिव्हरच्या भीतीने पहाटेपासून उभा होता. थिट बुनसुद्धा जमिनीकडे पाहू लागला.

सगळ्यांत पुढे सायफिन होती. पुलाजवळच्या घरातली. हिचा नवरा याच रोगाने गेला. त्यानंतर महिन्याभरात चानपेंगने भोंग्यावरून नवं कडवं गायलं होतं: पुलाजवळच्या घरात बघा, कोईने कारभारी नेला. नाव घेतलं नव्हतं, पण पुलाजवळ घर एकच. कडव्याची गावाने वाहवा केली. केंद्रातल्या साहेबांनी ते शेजारच्या गावांतही वाजवायला लावलं. सायफिन मात्र त्यानंतर कितीतरी दिवस विहारात दिसली नाही. तेव्हा चानपेंगला वाटलं होतं, सत्य टोचतंच.

सायफिनने गाडीची पायरी सोडली आणि बाजूला झाली.

"घेऊन जा त्यांना."

"पी सायफिन, ताई..." चानपेंगने हात जोडले. नमस्कार करावा तर डोकं किती खाली न्यावं, तेच तिला कळेना.

"जा म्हटलं ना. वेळ जातोय." सायफिन रांगेच्या शेवटी निघाली. दोन पावलं जाऊन थांबली. "फक्त हे भोंग्यावरून गाऊ नकोस."

चपला खाली काढून ती दोघं गाडीत चढली. खामसिंग अरुंद खाटेवर आडवा झाला आणि त्याने शर्ट वर केला. डॉक्टरांनी पोटावर गार जेल लावलं, यंत्र फिरवलं. बरगडीखाली आले आणि तिथंच थांबले. परत फिरवलं, परत तिथंच.

"म्हणजे माझी डबी गेली होती," छताकडे पाहत खामसिंग म्हणाला.

"हो."

"आणि चांगली निघाली."

"हो."

"मला वाटायचं, मी जिंकलो. तू परत मागितली नाहीस म्हणून." मग म्हणाला, "मागितली असतीस आणखी एकदा, तर दिलीही असती बहुतेक. एकदा नाही म्हणायचं असतं पुरुषाला."

तिने तोंडावर हात धरला.

डॉक्टरांनी पडद्यावर एका काळ्या डागाच्या कडा मोजल्या. "खोन काएनला मोठ्या इस्पितळात जावं लागेल, लुंग. उद्याच. मी चिठ्ठी देतो."

"कापतील?"

"आधी बघतील. कापता येण्यासारखं असलं तर बरंच म्हणायचं."

खामसिंगने मान हलवली, जसा एखादा माणूस पावसाचा अंदाज ऐकून हलवतो. उठून बसला, शर्ट खाली ओढला. जेल पुसायचं राहिलं होतं, कापडावर डाग पसरला. तो पायऱ्या उतरून गेला. चानपेंग दारात तशीच उभी राहिली. बाहेर सगळी रांग वर पाहत होती. मंडपातलं प्रवचन संपलं होतं. लाह्या उधळून झाल्या होत्या आणि माणसं डोळे पुसत बाहेर येऊन त्याच रांगेभोवती उभी राहत होती. झालं ते एकमेकांना कानात सांगत होती.

खामसिंग पायरीशी वाकला. चपलांच्या ढिगात त्याने हात घातला. आमच्याकडे कुठलाही पुरुष बायकोच्या चपलेला हात लावत नाही, तेही विहारात, साऱ्या गावासमोर. त्याने तिच्या दोन्ही चपला शोधून काढल्या, पंजाने माती झटकली आणि तिच्या पायांसमोर नीट जोडीने मांडून ठेवल्या.

"घाल," तो म्हणाला. "भुई तापलीय."

आणि वाकलेलाच, एका हाताने पोट धरून, तिचा पाय पुढे येण्याची वाट पाहत राहिला.