सुभेदारांची कुजबुज

वडूजच्या सुभेदार लालासाहेबांनी धोंडुबाईला कामावरून काढलं, ते घरातली गोष्ट बाहेर फुटली म्हणून. त्यांची मुलगी क्रांती शाळेत पीटी शिकवते आणि झोपेत कवायतीच्या ऑर्डरी देते, एवढीच ती गोष्ट. पण म्हसवडच्या पाहुण्यांना ती आधीच कळली होती, आणि त्यांनी पोहे संपवून नकार दिला. सुभेदारांनी हे फक्त एकदा, फोनवर, थोरल्या बहिणीला सांगितलं होतं, तेही तोंडाशी हात धरून. तेव्हा घरात केर काढत होती एकटी धोंडुबाई. मग दुसरं कोण असणार?

भर अंगणात त्यांनी तिला चुगलखोर म्हटलं. इतक्या वर्षांची बाई केरसुणी भिंतीला टेकवून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "सुभेदार, माझ्या तोंडातनं शबूद गेला न्हाई."

सुभेदारांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. तसं त्यांना ऐकूही कमीच यायचं. तोफखान्यानं त्यांना पेन्शन दिली होती आणि कान ठेवून घेतले होते. कुणी तसं म्हणालं की ते म्हणत, लोकच हल्ली पुटपुटतात.

आता मिरजेचं स्थळ आलं होतं. मुलगा इस्पितळात कामाला, माणसं शांत, आणि मुख्य म्हणजे क्रांतीला तो मनापासून आवडलेला. हे काही फिसकटू द्यायचं नव्हतं, आणि केर काढायला पुन्हा बोलणारं माणूस घरात नको होतं. म्हणून साताऱ्यात दुकान असलेला पुतण्या धैर्यशील झाडलोट करणारी तीन यंत्रं दाखवायला घेऊन आला. भाकरीच्या तव्याएवढी, गोल, चाकांवर फिरणारी.

"ह्याला कॅमेरा हाय, काका. घराचा नकाशा काढून मोबाईलवर धाडतो."

"कुणाच्या हुकमानं? आणि वाटंत कुठं थांबतो त्यो नकाशा?"

"कंपनीच्या कंप्युटरवर."

"म्हंजी शत्रूच्या हातात," सुभेदार म्हणाले. "फुडचा दाखव."

दुसऱ्याला कॅमेरा नव्हता, पण तो तोंडी हुकूम ऐकायचा. तिसरा ना बघायचा, ना ऐकायचा. भिंतीला धडकला की वळायचा. धैर्यशीलनं माहितीचे कागद पुढे केले, पण सुभेदारांचा कागदावर विश्वास नव्हता. फितूर ओळखायची त्यांची पलटणीतली रीत होती. ज्याचा संशय, त्याच्या कानात एक खोटी बातमी सोडायची आणि ती कुठून परत येते ते बघत बसायचं.

दुसऱ्या दिवशी क्रांती शाळेत गेल्यावर ते सोप्यात पहिल्या यंत्रापाशी वाकले, तोंडाशी हात धरला आणि कुजबुजले, "परसात सोन्याचा हंडा घावलाय. कुणाला बोलू नगंस." चहा होतोय तोवर शेजारचा केरबा कुदळ घेऊन हजर. परसातलं गवत काढून देतो म्हणाला, फुकट.

दुसऱ्याला त्यांनी सांगितलं की आपण कारखान्याच्या निवडणुकीला उभे राहतोय. दुपारपर्यंत दोन्ही पॅनेलची माणसं हार घेऊन आली आणि दारातच एकमेकांशी भांडली.

तिसऱ्याच्या वेळी सुभेदारांनी धोका पत्करला नाही. त्याचं बटणच बंद केलं. कान कुठे असेल ते न कळल्यानं चाकापाशी तोंड नेऊन ते पुटपुटले, "मी दुसरं लगीन करतोय." ते गुडघे धरून उठतायत तोच पलीकडची रंगूबाई आपल्या आतेबहिणीचा फोटो घेऊन आली.

बंद असून बोलतो म्हणजे हा तर तिघांत पोचलेला. सुभेदारांना आता खरोखर भीती वाटली. पाहुणे रविवारी यायचे होते. क्रांती घरी आली तेव्हा तिन्ही यंत्रं भिंतीकडे तोंड करून अटकेत होती आणि वडील हातवारे करून तिला सांगत होते की रविवारपर्यंत घरात कुणी तोंड उघडायचं नाही.

तिनं सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "आबा, तिसरा बंद हुता की. बंद यंत्र कसं सांगंल?"

दुसरं यंत्र ऐकलेले हुकूम साठवून ठेवतं, हे तिला माहीत होतं. तिनं ते मोबाईलवर लावलं. "मी कारखान्याच्या निवडणुकीला..." फोन टेबलावर थरथरला. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. आणि सुभेदारांना कित्येक वर्षांत पहिल्यांदा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

"ह्यो कोण वरडतोय?"

"तुमी," क्रांती म्हणाली. "कुजबुजताय."

सुभेदार खाली बसले. बहिणीला केलेला फोन त्यांना आठवला, तोंडाशी धरलेला हात आठवला, आणि भिंतीला टेकवलेली केरसुणी.

"आणि मिरजेच्या लोकास्नी झोपेतल्या कवायतीचं मी कवाच सांगितलंय," क्रांती म्हणाली. "त्यो म्हणाला, माझी रातपाळी असती, मला कुठं ऐकायला यायचंय."

पण सुभेदार चपला घालून निघालेसुद्धा होते. धोंडुबाई गल्लीच्या टोकाला आपल्या दारात गहू निवडत बसली होती. ते तिच्यापाशी वाकले, तोंडाशी हात धरला. आता आपला आवाज त्यांना ठाऊक झाला होता, म्हणून त्यांनी तो इतका खाली आणला की ओठच तेवढे हलले.

धोंडुबाईनं सुपातला खडा टिपून बाजूला टाकला. "ऐकाय न्हाई आलं. मला काढलं तवा समद्या गल्लीनं ऐकलं हुतं."

केरबा कुदळ घेऊन त्यांच्या मागोमाग आला होता. रंगूबाईही फोटो घेऊन आली होती. सुभेदारांनी दोघांकडे पाहिलं, तोंडावरचा हात काढला आणि ते सावधानमध्ये उभे राहिले.

"धोंडुबाईचा काय बी दोष न्हाई. घरातली गोष्ट मी फोडली. चुकी माझी हाय."

एसटी स्टँडावर गाडीची वाट बघणाऱ्यांनीही वळून पाहिलं म्हणतात.

"आता आलं," धोंडुबाई म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं, डोळे पदरानं पुसले. "आणि ती तुमची गोल यंत्रं?"

"दोन माघारी धाडतोय. जो बघत न्हाई आणि ऐकत न्हाई, त्यो ठेवलाय. पर त्यो बी धाडतो."

"ऱ्हाऊ दे त्याला," पदर खोचत धोंडुबाई म्हणाली. "पलंगाखाली वाकाय मला हुईत न्हाई. माझ्या हाताखाली ऱ्हाईल."