नथूचा टाक

ब्रह्मदेशच्या लढाईत विमान घेऊन गेलेला नथू परत आला नाही, त्याला वर्ष झालं. सरकारकडून शौर्यासाठी आलेलं पदक, चांदीचा क्रॉस, वडिलांनी, मगनभाईंनी, ओटीवर खिळ्याला टांगलं. सारं ब्राह्मणपुरी गाव येऊन बघून गेलं. छबूबाईला मात्र लेक देव्हाऱ्यात हवा होता. घरातला माणूस लढाईत गेला की वीर होतो. चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून टाक करायचा, होळीला पुजायचा.

अडचण एवढीच, की शहाद्याच्या रतिलाल सोनाराकडे वीराचा ठसा एकच होता. घोड्यावर बसलेला, हातात तलवार.

“घोडा नको रे बापा,” छबूबाई म्हणाली. “मन्हा नथू घोडाले भे. मामाना लगीनमा जरासा बठाडा, तं मंडपभर रडना.”

“मंग इमानवर बठाडू, काकी?”

रतिलालनं विमान पाहिलं होतं ते आभाळात, तेही एकदाच. त्यानं पाटीवर काढून दाखवलं.

“हाई काय टिटवी शे?”

मगनभाई मिशीत हसले. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच. छबूबाईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग तीच म्हणाली, “त्याना पाय जमीनवरच ऱ्हाऊ दे. वर भलता हिंडना तो. आनि खांदावर त्याना दोस्त दाखाड.”

तो दोस्त पंजाबातला. लंगडत घरी येऊन गेला होता. पेटलेलं विमान नथूनं रानात उतरवलं, जखमी दोस्ताला खांद्यावर टाकलं आणि आपल्या छावणीपर्यंत चालत आणलं. क्रॉस मिळाला तो त्या कामगिरीचाच. पुढच्या फेरीत नथू गेला.

मगनभाईंचं हसू मावळलं. “जित्ता माणूस देव्हारामा? त्यानी मायले काय सांगशी?”

छबूबाईच्याही मनात आलं, त्या माउलीचा जगलेला लेक आपण मेलेल्यांत कसा बसवायचा?

रतिलाल बराच वेळ हातोडी खाली-वर करत राहिला. आठवड्यानं टाक दिला. त्यात नथू एकटाच, पायी. फक्त एक खांदा खाली झुकलेला आणि हात वर, कुणाला तरी धरून ठेवल्यासारखा.

छबूबाईनं त्या खांद्यावरून अंगठा फिरवला. देव्हाऱ्यात बाकीचे टाक भिंतीला टेकून उभे होते. नथूला तिनं लाल फडक्यावर आडवं निजवलं.

“वीर उभा ठेवतस,” मगनभाई हळूच म्हणाले.

“ठेवसू ना होळीले,” ती म्हणाली. “आते थकेल शे तो.”